मळसूत्री नक्षी आणि लेथ : एका जोडयंत्राचा इतिहास

१

यंत्रविद्येच्या इतिहासग्रंथांत लेथची कथा बहुधा एकाच मार्गाने सांगितली जाते. प्रथम दोरी व धनुकलीने मागेपुढे फिरणारा लेथ, नंतर लवचीक काठी आणि पायपट्टी यांवर चालणारा, त्यानंतर मोठ्या चाकाने एकाच दिशेस अखंड फिरणारा, आणि अखेरीस १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्सले याने सिद्ध केलेला, लोखंडावर आटे पाडणारा लेथ. सॅम्युएल स्माइल्स याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इंडस्ट्रियल बायॉग्रफी’ या ग्रंथात मॉड्सले यास नायकाचे स्थान दिले आणि पुढील अनेक लेखकांनी तीच मांडणी थोड्याफार फरकाने स्वीकारली. या मांडणीत लाकडावर आणि हस्तिदंतावर नक्षी कातणाऱ्या लेथला स्थान मिळालेच तर ते श्रीमंतांच्या करमणुकीचे साधन म्हणून, एखाद्या वाक्यापुरते.

या लेथच्या जोडसामग्रीतील एक उपकरण या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. कातलेल्या खांबावर, मुठीवर किंवा पेल्याच्या दांड्यावर दोरीच्या पिळासारखी नक्षी कोरण्यासाठी लेथला जोडावयाचे हे यंत्र होय. सोयीसाठी त्यास ‘सर्पिल जोडयंत्र’ म्हणता येईल. मराठीत ‘मळसूत्र’ हा शब्द स्क्रूच्या आट्यांनाही लागतो आणि वर चढत जाणाऱ्या पिळालाही लागतो. भाषेने जे एका शब्दात एकत्र ठेवले आहे ते इतिहासकारांनी दोन प्रकरणांत विभागले. आट्यांना उद्योगाच्या प्रकरणात बसविले आणि पिळाला शोभेच्या. ही विभागणी पुराव्यास कितपत धरून आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

प्रश्नाचे मूळ भूमितीत आहे. लेथवर काष्ठ फिरत असता त्यास हत्यार टेकविले की वर्तुळाकार खोबण पडते. त्यामुळे गोलाई, कंगोरे, मणी, वलये हे सर्व आकार लेथच्या स्वभावातच आहेत. पीळ मात्र त्या स्वभावात नाही. काटकोन त्रिकोणाच्या आकाराचा कागद दंडगोलाभोवती गुंडाळला असता त्याचा कर्ण जी रेषा आखतो ती मळसूत्राची रेषा होय. तिच्यावरील प्रत्येक बिंदू आसाभोवती फिरतो आणि त्याच वेळी आसाच्या दिशेने पुढेही सरकतो. या दोन गतींचे परस्परप्रमाण आरंभापासून शेवटपर्यंत कायम राहिले तरच पीळ एकसारखा दिसतो. एका पूर्ण फेऱ्यात जेवढे अंतर पुढे जावे लागते त्यास ‘अंतराल’ म्हणतात. स्क्रूचे अंतराल इंचाचा लहानसा अंश असते. मेजाच्या पायावरील पिळाचे अंतराल कित्येक इंच असू शकते. भेद प्रमाणाचा आहे, जातीचा नाही.

हे प्रमाण हाताने राखणे कठीण असले तरी अशक्य नाही, आणि सतराव्या शतकातील युरोपीय सुतारांनी ते हातानेच राखले. इंग्लंडमध्ये १६६० साली राजसत्तेची पुनःस्थापना झाल्यानंतर खुर्च्या, मेजे आणि कपाटांचे पाय पिळदार करण्याची रूढी फार लोकप्रिय झाली. या पायांचे मूळ दंडगोल तेवढे लेथवर कातलेले असत. त्यावर कागदाची पट्टी किंवा दोरी गुंडाळून रेषा आखीत, त्या रेषेवरून करवतीने ठरावीक खोलीपर्यंत काप घेत, आणि मग गोल पटाशी व कानशीने दरी खोदून कडा गोल करीत. या कामात लेथ काष्ठ धरून ठेवण्यापुरता आणि हाताने थोडेथोडे फिरविण्यापुरताच उपयोगी पडे. म्हणून त्या काळच्या अस्सल पायांवर पिळाची रुंदी किंचित कमीअधिक होते, आणि जोडीतील दोन पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात.

ही रूढी इंग्लंडमध्ये कोठून आली, याविषयीचे एक जुने मत असे की चार्ल्स दुसरा याची पोर्तुगीज राणी कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झा हिच्याबरोबर ती आली. १६६१ च्या ज्या विवाहतहाने मुंबई बेट इंग्रजांच्या पदरी पडले तोच हा विवाह. पोर्तुगालमध्ये पिळदार कातकामाची परंपरा होती हे खरे. तथापि डच आणि फ्रेंच सामानातही असा पीळ त्यापूर्वी रूढ झालेला होता. रोम येथील सेंट पीटरच्या जुन्या मंदिरातील पिळदार स्तंभ यरुशलेममधील सॉलोमनच्या मंदिरातून आणलेले आहेत अशी श्रद्धा होती, आणि बर्निनी याने १६२४ ते १६३३ या काळात नव्या सेंट पीटरमधील वेदीवर उभारलेल्या ब्राँझच्या छत्रामुळे तो आकार सर्व युरोपच्या डोळ्यांसमोर आला. सारांश, एका राणीच्या आंदणात या रूढीचे संपूर्ण कारण शोधणे योग्य होणार नाही.

पिळावरून काळ ठरविणे किती धोक्याचे असते याचे बोधक उदाहरण हिंदुस्थानशी निगडित आहे. अठराव्या शतकात होरेस वॉलपोल याने आपल्या स्ट्रॉबेरी हिल येथील वास्तूसाठी शिसवासारख्या काळ्याभोर एबनी लाकडाच्या पिळदार खुर्च्या जमविल्या. त्या ट्यूडर काळातील, म्हणजे सोळाव्या शतकातील इंग्रजी कारागिरीच्या आहेत अशी त्याची खात्री होती, आणि त्याच्या शब्दाला मान असल्यामुळे ती समजूत दीर्घकाळ टिकली. पुढील संशोधनाने सिद्ध झाले की अशा खुर्च्या सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर आणि डचांच्या पूर्वेकडील अन्य ठाण्यांत युरोपीय गिऱ्हाइकांसाठी तयार झाल्या होत्या. जे इंग्लंडचे प्राचीन म्हणून पूजिले गेले ते हिंदी सुतारांच्या हातचे काम निघाले. आकारावरून केलेल्या अनुमानास साधनांच्या आणि कृतीच्या ज्ञानाची जोड नसेल तर विद्वानाचीही फसगत होते, हा या प्रकरणाचा धडा.

३

हाताने जे साधत होते ते यंत्राने साधण्याचा विचार मात्र याहून जुना आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील लिओनार्दो दा व्हिंची याच्या एका रेखाटनात आटे पाडण्याचे यंत्र दाखविलेले असून त्यात कातावयाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंस दोन मार्गदर्शक मळसूत्रे आहेत. दंतचक्रे बदलून एकाच यंत्रावर निरनिराळी अंतराले मिळविण्याची कल्पनाही त्या रेखाटनातून सूचित होते. फ्रेंच गणिती झाक बेसाँ याच्या यंत्रविषयक ग्रंथात, ज्याची टीपांसह आवृत्ती १५७८ साली लिआँ येथे निघाली, मळसूत्र कातणाऱ्या लेथचे सविस्तर चित्र आहे. त्यात दोऱ्या, वजने आणि एक मोठे मळसूत्र यांच्या साहाय्याने काष्ठाचे फिरणे आणि हत्याराचे सरकणे एकमेकांशी बांधलेले आहे. बेसाँचे यंत्र पाहताना ते उद्योगाचे की शोभेचे, असा प्रश्न विचारणेच अप्रस्तुत ठरते. त्याच ग्रंथात अनियमित आकार कातणारे लेथही आहेत, आणि ग्रंथकाराने या दोहोंमध्ये कोणतीही भिंत उभी केलेली नाही.

प्रत्यक्ष कारखान्यांत जी युक्ती रुळली ती याहून साधी होती. लेथचा मुख्य आस जागच्या जागी फिरण्याऐवजी फिरता फिरता पुढेमागे सरकेल असा बसवीत. आसाच्या मागच्या भागावर निरनिराळ्या अंतरालांचे आखूड आटे कोरलेले असत. त्यांपैकी हवे त्या आट्यांत लाकडाची किंवा मऊ धातूची खाचदार पट्टी अडकवली की आस त्या अंतरालाने पुढे सरके आणि स्थिर धरलेल्या हत्याराखाली तेच अंतराल काष्ठावर उतरे. डब्यांची झाकणे, दुर्बिणींच्या नळ्या अशा आखूड आट्यांच्या कामास ही युक्ती उत्तम होती. परंतु तिच्या दोन मर्यादा स्पष्ट आहेत. आसावर जेवढे आटे कोरलेले असतील तेवढीच अंतराले मिळत. आणि त्या आट्यांची जेवढी लांबी तेवढाच पीळ कातता येई. मेजाच्या पायाएवढा लांब आणि मोठ्या अंतरालाचा पीळ या मार्गाने निघणे शक्य नव्हते.

जोसेफ मॉक्सन याच्या ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ या लंडन येथील ग्रंथाचा कातकामाचा भाग १६८० साली बाहेर पडला. त्यात अंडाकृती आणि ‘स्वॉश’ नावाच्या कामासाठी लेथला जोडावयाच्या यंत्रांचे वर्णन असून, अशी यंत्रे करणारा कारागीर म्हणून स्ट्रँडवरील टॉमस ओल्डफील्ड याचे नाव मॉक्सन आदराने घेतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘स्वॉश’ कामात कंगोरे आसाशी तिरपे असतात, जिन्याच्या कठड्याच्या चढणीशी जुळावेत म्हणून. पण प्रत्येक कंगोरा स्वतःशीच येऊन मिळतो. तो पीळ नव्हे. तरीही या वर्णनाचे महत्त्व असे की, लेथला बाहेरून काही जोडून त्याच्या स्वाभाविक वर्तुळास वळण द्यावयाचे, ही कल्पना १६८० मध्ये बाजारात विकत मिळत होती.

कातकामावरील पहिला स्वतंत्र मोठा ग्रंथ १७०१ साली लिआँ येथे लॅटिन आणि फ्रेंच भाषांत प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता शार्ल प्ल्यूमिए हा मिनिम पंथाचा संन्यासी असून ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञ होता. महाराष्ट्रात देवळांच्या आणि वाड्यांच्या आवारात आढळणाऱ्या, मूळच्या अमेरिकेतील चाफ्याच्या ज्या प्रजातीस ‘प्लूमेरिया’ हे शास्त्रीय नाव आहे ते याच ग्रंथकाराच्या स्मरणार्थ दिलेले आहे. फुलांच्या पाकळ्यांची रचना टिपणारी दृष्टी आणि लेथच्या भागांची रचना टिपणारी दृष्टी एकाच माणसाची असावी हे त्या काळच्या विद्याव्यवहाराशी सुसंगतच होते. प्ल्यूमिएच्या ताम्रपटचित्रांमुळे कारागिरांच्या घराण्यांत जपून ठेवलेल्या युक्त्या प्रथमच वाचकांपुढे उघड झाल्या.

४

या विद्येचा आश्रयदाता बाजार नव्हता, दरबार होता. पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठी केलेला सोळाव्या शतकाच्या आरंभीचा लेथ आजही जतन केलेला आहे. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ड्रेस्डेन येथे हस्तिदंत कातणारे कारागीर पदरी ठेवले आणि स्वतःही ती कला शिकून घेतली. या कामांना किती मोल होते हे तीस वर्षांच्या युद्धातील एका घटनेवरून कळते. १६३२ साली कोबुर्ग पडले तेव्हा तेथील दरबारी कारागिराने कातलेले हस्तिदंती पेले लुटीत मातिआस दे मेदिची याच्याकडे आले, आणि ते आजही फ्लॉरेन्स येथे आहेत.

रशियाचा झार पीटर हा तर कातकामाचा व्यसनीच होता. प्ल्यूमिएच्या ग्रंथाचे त्याने रशियन भाषांतर करवून घेतले. त्याचा यंत्रकार आंद्रेई नार्तोव याने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत झारसाठी जे लेथ बांधले त्यांत हत्यार कारागिराच्या हातात नसून यंत्रानेच धरलेले आणि यंत्रानेच सरकणारे होते. त्यांपैकी एक नार्तोवने पॅरिसला नेला आणि तो तेथील यंत्रसंग्रहात सुरक्षित आहे. हत्यार यांत्रिक बैठकीत धरणे ही कल्पना मॉड्सलेच्या नावावर जमा करणाऱ्या लेखकांना नार्तोवचे लेथ हे प्रत्यक्ष उत्तर आहे. कारण मॉड्सलेचा जन्मच मुळी १७७१ चा. हा लेथ तोफा किंवा पंप करण्यासाठी बांधलेला नव्हता, पदके आणि हस्तिदंती नक्षी कातण्यासाठी बांधलेला होता, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

५

लांब पीळ यंत्रानेच काढणे या प्रश्नाचे पूर्ण उत्तर, सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकत घेता येईल अशा स्वरूपात, एकोणिसाव्या शतकात लंडनच्या हॉल्टझाफेल या पेढीने दिले. मूळचा अल्सेसमधील जॉन जेकब हॉल्टझाफेल १७९२ च्या सुमारास लंडनला आला आणि १७९५ साली त्याच्या पेढीचा पहिला लेथ सुमारे २५ पौंडांस विकला गेला. पुढील सव्वाशेहून अधिक वर्षांत पेढीने क्रमांक घातलेले सुमारे अडीच हजार लेथ तयार केले. संस्थापकाचा मुलगा चार्ल्स याने ‘टर्निंग अँड मेकॅनिकल मॅनिप्युलेशन’ या ग्रंथमालेस आरंभ केला. तिचे पहिले दोन खंड १८४३ आणि १८४६ मध्ये निघाले. चार्ल्स १८४७ साली निवर्तल्यामुळे तिसरा खंड १८५० मध्ये त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाला. चौथा व पाचवा खंड त्याचा मुलगा दुसरा जॉन जेकब याने १८७९ आणि १८८४ मध्ये पुरे केले. पाचवा खंड संपूर्णपणे नक्षीच्या कातकामास वाहिलेला असून सर्पिल जोडयंत्राचे तपशीलवार विवेचन त्यात आढळते.

या जोडयंत्राची रचना पुढीलप्रमाणे आहे. लेथच्या पाटावर एक सरकबैठक असते. तिच्यात बसविलेले मळसूत्र मुठीने फिरविले की हत्यार आसाला समांतर सरकते. या मळसूत्रास एका इंचात दहा आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात हत्यार एकदशांश इंच पुढे जाते. लेथच्या मुख्य आसावर एक दंतचक्र आणि मळसूत्राच्या टोकावर दुसरे दंतचक्र चढवून, मधली दंतचक्रे एका फिरत्या भुजेवर बसवून, ही दोन टोके जोडतात. आता मळसूत्र फिरविल्याशिवाय काष्ठ फिरत नाही आणि काष्ठ फिरल्याशिवाय हत्यार सरकत नाही. भूमितीने मागितलेले प्रमाण दात्यांच्या संख्येने कायमचे बांधले जाते.

उदाहरणार्थ, मुख्य आसावर १४४ दात्यांचे आणि मळसूत्रावर २४ दात्यांचे चक्र असेल, तर काष्ठाच्या एका फेऱ्यात मळसूत्राचे सहा फेरे होतात आणि अंतराल सहा दशांश इंच पडते. याच ठिकाणी दोन जोड्या लावल्या, आसावरील १४४ दात्यांचे चक्र १८ दात्यांच्या चक्राला आणि त्याच मधल्या दांड्यावरील १२० दात्यांचे चक्र मळसूत्रावरील २० दात्यांच्या चक्राला फिरवील असे केले, तर प्रमाण आठ गुणिले सहा, म्हणजे अठ्ठेचाळीस होते. काष्ठाच्या एका फेऱ्यात हत्यार जवळजवळ पाच इंच जाते. मेजाच्या पायाला शोभेल असा हा पीळ. रांगेत आणखी एक मोकळे चक्र घातले की फिरण्याची दिशा उलटते आणि उजव्या पिळाचा डावा पीळ होतो. जोडीच्या खांबांना परस्परविरुद्ध पीळ देण्यासाठी एवढेच पुरते.

या मांडणीत एक उलटापालट दडलेली आहे. अठ्ठेचाळीस फेऱ्यांचे प्रमाण असता मुख्य आस फिरवून मळसूत्र चालविणे म्हणजे प्रचंड विरोधाशी झगडणे. म्हणून गती मळसूत्राच्या मुठीकडून द्यावी लागते आणि काष्ठ अत्यंत मंद फिरते. पण मंद फिरणाऱ्या काष्ठावर स्थिर हत्यार स्वच्छ कापू शकत नाही. तेव्हा स्थिर हत्याराच्या जागी स्वतः वेगाने फिरणारे लहान कर्तक बसवीत, आणि पायाने चालणाऱ्या मोठ्या चाकाची गती डोक्यावरील कप्प्यांवरून दोरीने त्या कर्तकास देत. लेथचा मूळ धर्म असा की काष्ठ फिरते आणि हत्यार स्थिर असते. सर्पिल जोडयंत्र जोडताच हा धर्म उलटतो. हत्यार फिरते आणि काष्ठ जवळजवळ स्थिर राहते. यंत्राचे नाव लेथच राहिले तरी त्याचे कार्य पुढील काळातील मिलिंग यंत्राचे झाले होते.

कामाची शिस्तही यातूनच ठरली. दात्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. म्हणून काप नेहमी एकाच दिशेने घ्यावयाचा आणि परतताना कर्तक मागे ओढून घ्यावयाचे, नाही तर पिळाच्या कडा दुहेरी उमटतात. एकाहून अधिक पदरांचा पीळ काढावयाचा असल्यास प्रत्येक पदरानंतर काष्ठ फेऱ्याच्या ठरावीक अंशाने पुढे न्यावे लागे. त्यासाठी काष्ठ धरणाऱ्या भागात ९६ दात्यांचे विभाजनचक्र असले म्हणजे दोन, तीन, चार, सहा, आठ किंवा बारा पदर बिनचूक पाडता येत. पोकळ पीळ, ज्यात पदर सुटे होऊन मधून उजेड दिसतो, काढण्याची रीत याहूनही नाजूक होती. प्रथम दांड्यास आरपार भोक पाडून त्यात लाकडाची खुंटी घट्ट बसवीत. कर्तक खुंटीपर्यंत पोहोचेतो प्रत्येक दरी थोडी थोडी खोल करीत. आणि सर्व काम संपल्यावर खुंटी हलकेच काढून घेत. तोपर्यंत पदरांना आधार त्या न दिसणाऱ्या खुंटीचाच असे.

६

आता मॉड्सलेचा लेथ या जोडयंत्राशेजारी ठेवून पाहता येईल. १८०० च्या सुमाराचा त्याचा प्रसिद्ध लेथ लंडनच्या विज्ञानसंग्रहालयात आहे. त्यातही मुख्य आस आणि मार्गदर्शक मळसूत्र ही बदलत्या दंतचक्रांनी जोडलेली आहेत. १५ ते ५० दाते असलेली २८ चक्रे त्याच्यासाठी होती असे सांगितले जाते. गतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही यंत्रे एकच आहेत. भेद आहे तो गतीच्या मार्गात आणि त्याहीपेक्षा हेतूत. मॉड्सलेला अनेक स्क्रू एकमेकांशी तंतोतंत जुळणारे हवे होते. त्याच्या दृष्टीने आदर्श अंतराल म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारे अंतराल. नक्षी कातणाऱ्यास प्रत्येक नगावर वेगळा पीळ हवा होता. एकाच रचनेतून एकाने एकरूपता मागितली, दुसऱ्याने वैविध्य मागितले, आणि रचनेने दोघांनाही निराश केले नाही.

हे दोन प्रवाह एकमेकांना अपरिचित होते असेही नाही. जोसेफ व्हिटवर्थ, ज्याने १८४१ साली सर्व देशासाठी आट्यांचे एकच प्रमाण असावे अशी योजना मांडली, तो तरुणपणी मॉड्सलेच्या कारखान्यात होता आणि तेथून निघाल्यावर काही काळ हॉल्टझाफेलच्या कारखान्यात त्याने काम केले. अलंकाराची हत्यारे घडविणाऱ्या बाकावर बसलेल्या माणसाने पुढे उद्योगाच्या आट्यांना शिस्त लावली. उलट दिशेने पाहता, चार्ल्स हॉल्टझाफेल याच्या १८४६ च्या दुसऱ्या खंडात आटे पाडण्याच्या साधनांवर जे दीर्घ प्रकरण आहे त्यात मॉड्सले आणि त्याच्यापूर्वीचे कारागीर यांच्या प्रयत्नांचा परामर्श घेतलेला आहे. लांबी समभागांत अचूक विभागण्याच्या प्रश्नावरही त्याने १८३८ साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. श्रीमंत हौशी लोकांना लेथ विकणाऱ्या पेढीचा मालक अचूकतेच्या प्रश्नाशी इतका झुंजत होता याचे कारण उघड आहे. हस्तिदंताच्या झिलईदार पृष्ठावर एका दात्याची चूकही डोळ्यांना खुपते, आणि लोखंडी स्क्रूतील तीच चूक नटाच्या आत लपून जाते.

तथापि याच्या विरुद्ध टोकाचे प्रतिपादनही टाळले पाहिजे. नक्षीचा लेथ हा उद्योगाच्या लेथचा जनक होय, असे म्हणणे पुराव्याच्या पलीकडे जाणे होईल. जेसी रॅम्सडेन याच्यासारखे उपकरणकार नौकानयनाची आणि खगोलमापनाची साधने करण्यासाठी अचूक मळसूत्राचा प्रश्न अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या मार्गाने सोडवीत होते, आणि मॉड्सलेने त्यांच्याकडून किती घेतले व दरबारी परंपरेकडून किती घेतले याची वाटणी करता येत नाही. रॉबर्ट वुडबरी याच्या १९६१ च्या लेथविषयक इतिहासानंतर एवढे मात्र सर्वमान्य झाले आहे की औद्योगिक लेथचे बहुतेक घटक १८०० पूर्वी उपकरणकारांच्या आणि नक्षीकारांच्या हाती सुटे सुटे अस्तित्वात होते. सर्पिल जोडयंत्राचा इतिहास या निष्कर्षास एक पुरवणी जोडतो. १८०० नंतरही नक्षीची शाखा खुंटली नाही. फिरते कर्तक, विभाजनचक्र आणि मंद फिरणारे काष्ठ यांचा संयोग करून ती लेथच्या पलीकडील यंत्रापर्यंत पोहोचली होती.

७

या समृद्धीला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती पूर्वेकडे वळून पाहिल्याखेरीज दिसत नाही. या नक्षीसाठी लाकडांत आफ्रिकेतील काळे कठीण लाकूड आणि अन्य द्रव्यांत हस्तिदंत हीच मुख्यतः पसंत केली जात. कारण त्यांचा पोत इतका घट्ट असतो की पिळाच्या पातळ कडा तुटत नाहीत. पूर्व आफ्रिकेतील हस्तिदंत झांझीबारमार्गे मोठ्या प्रमाणावर मुंबईस येई. त्यातील काही भाग पश्चिम हिंदुस्थानात बांगड्या व इतर वस्तूंसाठी खपे आणि काही भाग मुंबईहून लंडनला रवाना होई. लंडनच्या दिवाणखान्यातील पेल्यावरचा निर्दोष पीळ आफ्रिकेतील हत्तींच्या कत्तलीवर आणि तो माल वाहणाऱ्या माणसांच्या हालांवर उभा होता. हे वाक्य त्या पेल्याच्या इतिहासाचाच भाग आहे.

हिंदुस्थानातील कातारी या व्यापाराच्या वाटेवरच बसलेला होता. हॉल्टझाफेल ग्रंथमालेच्या १८७९ च्या चौथ्या खंडात त्याचे वर्णन आले आहे. बोलावणे येताच तो आपली सर्व सामग्री घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी येतो, जमिनीत खड्डे करून दोन खुंट रोवतो, त्यांत काष्ठ अडकवतो. साहाय्यक दोरीने ते मागेपुढे फिरवितो आणि कातारी जमिनीवर बसून हत्यार हातांनी व पायाच्या बोटांनी सांभाळतो. ज्या ग्रंथात शेकडो पौंड किमतीच्या लेथची आणि त्याच्या डझनावारी जोडयंत्रांची माहिती द्यावयाची आहे त्याच ग्रंथमालेत या माणसाला जागा मिळावी, हे उल्लेखनीय आहे. लंडनच्या यंत्रात प्रमाण दात्यांत साठविलेले होते; येथे ते शरीरात साठविलेले होते. कोरोमंडलच्या ज्या हातांनी वॉलपोलला फसविणाऱ्या खुर्च्यांचे पीळ कोरले त्यांच्याजवळही याहून अधिक सामग्री असण्याचे कारण नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नक्षीच्या लेथचा व्यवसाय मंदावला आणि हळूहळू संपुष्टात आला. १९४८ साली इंग्लंडमध्ये या कलेच्या अभ्यासकांनी आपले मंडळ स्थापन केले आणि जुने लेथ व त्यांची जोडयंत्रे पुन्हा चालती केली. दरम्यान पिळदार पायांची अनुकरणे यंत्राने मोठ्या प्रमाणावर निघू लागली होती, आणि निर्दोष एकसारखेपणा, जो एके काळी राजांच्या लेथचा अभिमान होता, तो स्वस्त मालाची खूण ठरला. जुन्या वस्तूंचा पारखी आज पिळातील किंचित असमानता शोधतो, कारण तीत त्याला हात दिसतो.

वस्तुतः मूल्यांची ही अदलाबदल यंत्राने घडविली नाही. यंत्राचे स्थान बदलल्याने घडली. म्हणून एखाद्या यंत्राचे इतिहासातील मोल त्याच्या तत्कालीन उपयोगावरून ठरविणे सदोष होय. सर्पिल जोडयंत्र शोभेसाठी जन्मले हे खरे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले तो प्रश्न शोभेचा नव्हता. फिरणे आणि पुढे जाणे यांचे प्रमाण कायम राखणे हा तो प्रश्न होता. मेजाच्या पायावरील पीळ आणि नटात बसणारा आटा ही त्या एकाच उत्तराची दोन रूपे आहेत.